सुकदेव सरांच्या दारवर

पुनमने तीन दिवसांत एक शब्द काढला नव्हता, की डोळ्यातून टिपूस गाळलं नव्हतं. घाबरून तिच्या आईने, दिपमालेने, भडगावहून सासूला बोलावून घेतलं. भागाबाई आली, ती हातातली पिशवी न ठेवताच नातीसमोर गोधडीवर बसली.

कोणाचं माणूस गेलं आणि मागे राहिलेला दगड होऊन बसला, की त्याला रडवायला भागाबाईलाच बोलवायचं, अशी भडगावात रीतच पडली होती. ती गोड बोलायची नाही. गेलेल्यालाच चार वाईट शब्द बोलायची. समोरचा चिडायचा, भांडायला उठायचा आणि भांडता भांडता फुटायचा. भरल्या घरात असं बोलायला छाती लागते, आणि ती आपल्यालाच दिली आहे असं भागाबाईला वाटायचं.

पण इथे गेले होते सुकदेव सर, आणि ते तिला स्वतःलाच पटत नव्हतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती माणसानं. इथल्याच मेहरूण भागातल्या हॉलमध्ये पोरींना ज्यूडो शिकवता शिकवता गादीवरून खाली उतरले आणि उभ्याचे कोसळले. त्यांचं घर धुळ्याला. तिकडेच नेऊन अग्नी दिला.

दोन वर्षांपूर्वी पोरीला हात धरून शिकवणारा हा बाप्या कोण, हे बघायला भागाबाई हॉलवर धडकली होती. सरांनी खुर्ची दिली, पाया पडले, "अक्का, पहिला महिना आम्ही फक्त पडायला शिकवतो," म्हणाले.

"त्याला मास्तर कशाला?" ती म्हणाली होती. "आमचं पारडू न शिकवताच पडतं."

सर इतके हसले की तीही हसली. परत येताना सुनेला म्हणाली, माणूस चांगला आहे, पण तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस मी असं म्हणाले ते.

आता त्याच माणसाला नावं ठेवायची होती. जीभ जड झाली, पण पोरीचं तोंड पाहून तिने सुरुवात केली.

"दुनियाले पडानं शिकाडं आन सोताले नीट पडता उनं नही. कसाना मास्तर व तो?"

पुनमची पापणी हलली नाही. शेजारची बेबाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"आई, पुरे," दिपमाला म्हणाली.

"तू गप." भागाबाई उठली आणि खुंटीवरचा पोरीचा ज्यूडोचा पांढरा जाड सदरा ओढला. "हाई बोहारणीले दी टाक. एखादं पातेलं तरी यी."

पुनम कधी उठली ते कुणालाच दिसलं नाही. तिने आजीची बाही धरली, पाय मागे घातला, आणि जिच्या अंगाला हात लावायची नवऱ्याचीही टाप नव्हती ती भागाबाई गोधडीवर आडवी झाली. आपटली मात्र नाही. डोक्याखाली पोरीचा तळवा होता.

बेबाबाईने तोंडाला पदर लावला. दिपमाला किंचाळत धावली.

"माले उठाडू नका," भागाबाई म्हणाली. पोरीचे ओठ हलताना तिला दिसले होते.

"पाडायचं, पण समोरच्याचं डोकं आपल्या हातावर घ्यायचं," पुनम म्हणाली. "सर रोज सांगायचे. ते पडले तेव्हा मीच जवळ होते. हात टाकला मी. कॉलर बोटाला लागली. डोकं फरशीवर आपटलं आजी. आवाज आला."

"डॉक्टर म्हणाले ना, छाती आधीच बंद पडली होती," दिपमाला म्हणाली.

"सरांच्या मॅडमना कुठं माहीत आहे माझा हात निसटला ते? शेवटी कोण जवळ होतं, हे विचारायला त्यांचा फोन आला होता. मी उचलला नाही."

नीट पडता आलं नाही, हे शब्द आपणच आत्ता बोललो, या पोरीच्या तोंडावर बोललो, एवढंच भागाबाईला कळत होतं. छताकडे बघत ती पडून राहिली. मग तिच्या कपाळावर गरम थेंब पडले.

भागाबाई म्हणाली, "धुळाले दारवर जानं शे, दुखवटाले. आजच."

"त्या मला काय म्हणतील?"

"म्हनतीन ते ऐकानं. त्या बाईना मानूस व्हता, तिले बठ्ठं, सारं समजाले पाहिजे. तू सांगजो. मी बाजूले बठसू."

मग सुनेकडे मान वळवून तिने बजावलं, तिथे आपण तोंड उघडणार नाही, आणि उघडलं तर खुशाल हात दाबायचा. बावीस वर्षांत सासूच्या तोंडून असलं काही न ऐकलेली दिपमाला तशीच उभी राहिली.

"देखस काय," भागाबाई म्हणाली. "गाडीना टाईम पाय."