मागे बघा

वहिनीला पाण्याची भीती नव्हती, पण हौसही नव्हती. सव्वीस वर्षं हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स म्हणून राबलेली बाई ती. सुट्टी मिळाली की झोपायची. तिच्या पन्नाशीला काय द्यायचं यावर माझा आणि दादाचा महिनाभर खल चालला होता. शेवटी दादानेच ते मत्स्यालय शोधून काढलं. तिथे दोन मजले उंच टाकी होती, आणि पोहता येणाऱ्या कुणालाही तासभर शिकवून, पाठीवर सिलिंडर बांधून माशांमध्ये उतरवत होते.

"शार्क आहेत म्हणे त्यात," मी म्हटलं.

"आपल्या आईबरोबर तिने अठरा वर्षं काढलीत. शार्कचं काय घेऊन बसलीस!"

दोघं जोडीनं उतरणार होते. पण तिथे पोचल्यावर दादाने ऐन वेळी माघार घेतली. "कानात दडे बसलेत गं. तू जा."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, बरं वाटतंय ना?"

"अगं, कानच आहे. जा तू, पैसे फुकट जातील."

ती वर कपडे बदलायला गेली. आम्ही दोघं जिन्याने खालच्या दालनात आलो. दालन अंधारं, समोर भिंतभर काच, आणि काचेतून येणारा निळा उजेड तेवढा लोकांच्या तोंडावर. शंभरेक माणसं काचेला नाक लावून उभी होती. दादा म्हणाला, "मी मागे बाकावर बसतो, तू पुढे जाऊन व्हिडिओ काढ." मी घुसले. शिवणकामाचं कापड आणायला सेलच्या गर्दीत जाऊन जाऊन मला दाटीवाटीत कोपरं कशी वापरायची ते येतं.

वहिनी हळूहळू खाली आली. काळा पोशाख, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. शेजारी तिला दंडाला धरून शिकवणारे मास्तर. बाजूने एक शार्क गेला तर तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही, ती आम्हालाच शोधत होती. मी फोन उंचावला. तिने हात हलवला.

"दादा, बघतोयस ना?" मी मागे न वळता ओरडले.

वहिनीचा हात हवेत, म्हणजे पाण्यातच, थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. मग ती एकदम पुढे झेपावली आणि दोन्ही तळव्यांनी काच बडवायला लागली. आवाज काहीच नाही. नुसते तळवे आणि बुडबुडे.

लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या. "बाई घाबरल्या वाटतं," एकजण म्हणाला. मीही हसले. "वहिनी घाबरली बघ दादा! दादा, बघतोयस ना?"

मास्तर तिला वर न्यायला ओढत होते. तिने त्यांचा हात झिडकारला. त्यांच्या कमरेला पाण्यात लिहायची पांढरी पाटी लटकत होती, ती तिने हिसकावून घेतली, पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि काचेवर दाबून धरली.

मागे बघा.

माझ्या शेजारच्या आजोबांनी ते मोठ्याने वाचलं. मी वळले. मग सगळेच वळले.

बाक रिकामा होता. दादा बाकाच्या पायाशी पडला होता, कुशीवर, एक हात अंगाखाली. त्या दालनात एवढी माणसं होती आणि सगळ्यांची पाठ त्याच्याकडे होती. त्याच्याकडे तोंड असलेलं माणूस एकच, आणि ते पाण्यात.

मी त्याच्यापाशी कशी पोचले ते आठवत नाही. त्याला हलवलं, हाक मारली. तोंड राखाडी पडलेलं. श्वास नव्हता. मी वहिनीकडे बघितलं. जणू ती तिथून हात पुढे करून काही करणार होती. ती दोन्ही हातांनी खुणावत होती, इकडे, इकडे ओढा. तिला दिसायला हवं होतं. दोघा माणसांनी दादाला काखेत धरून फरफटत काचेपाशी आणलं आणि उताणं निजवलं.

आता ती आमच्यापासून दोन हातांवर होती. तिने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली, नाही, मला येत नाही. तिने पुन्हा बोट केलं. एक तळवा दुसऱ्यावर ठेवून बोटं गुंतवली, ते तळवे आपल्या छातीच्या मधोमध टेकवले, कोपरं ताठ केली. मी तसंच केलं. मी दाबलं. तिने जोरात मान हलवली: आणखी खोल. मी दाबलं तेव्हा हाताखाली काहीतरी कडकन वाजलं आणि मी किंचाळून हात काढून घेतले. दादाची बरगडी होती. तिने काचेवर मूठ आपटली. थांबू नकोस.

मग तिने एक हात वर-खाली करायला सुरुवात केली, एकसारखा, भराभर, आणि मी त्या हाताकडे बघत दाबत राहिले. दादाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला. ती हात खाली आणायची, मी दाबायचे. मास्तरांना एव्हाना सगळं कळलं होतं. त्यांनी तिला मागून घट्ट धरून ठेवलं होतं, ती वर तरंगून जाऊ नये म्हणून.

दारावरचा पहारेकरी शॉक द्यायचं यंत्र घेऊन धावत आला. यंत्र स्वतःच बोलत होतं, बाजूला व्हा म्हणत होतं. दादाचं शरीर उडालं. मी पुन्हा दाबायला घेतलं, आणि थोड्या वेळाने तो घरघरला. आयुष्यात इतका घाणेरडा आणि इतका हवासा आवाज मी ऐकला नाही.

वर बघितलं तर वहिनी दिसेना. पाच-सहा मिनिटांनी ती जिन्यावरून धावत आली, अनवाणी, निथळत, मास्कचा वळ कपाळावर. रडली नाही. गुडघ्यावर बसली, दादाच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "रुग्णवाहिका आली का?" जणू ती तिच्या वॉर्डातच होती.

मी तिला नंतर विचारलं, "तू लगेच वर का नाही आलीस?"

"वर येऊन, जिना उतरून पोचायला सहा मिनिटं. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता."

तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात दादाने कबूल केलं. कान वगैरे काही नव्हतं. दोन दिवस छातीत दडपल्यासारखं होत होतं. "तुला सांगितलं असतं तर तू पाण्यात उतरली नसतीस," तो म्हणाला. बायको हृदयाच्या वॉर्डात नर्स, आणि नवरा छातीतलं दुखणं तिच्यापासून लपवतो. वहिनी बाहेर आली. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"मी विचारलं होतं गं," ती म्हणाली. "विचारलं आणि पहिलंच उत्तर खरं मानलं. वॉर्डात मी कुणाचं पहिलं उत्तर खरं मानत नाही."

माझ्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता. त्यात माझं हसू ऐकू येतं, आणि दोनदा मारलेली हाक, जिला कुणी ओ दिली नाही. मी तो अजून पुसलेला नाही, आणि पुन्हा बघितलेलाही नाही.

दादा सोळाव्या दिवशी घरी आला. वहिनी त्याची औषधं वेळेवर द्यायची, रक्तदाब मोजायची, वहीत लिहायची, पण बोलायची नाही. दादा केविलवाणं तोंड करून बघायचा. मी रोज दुपारी जायचे. घर असं की चमचा पडला तरी दचकायला व्हावं.

महिनाभराने एका दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. दादा स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढायला गेला. वहिनी आतून आली आणि तिने ते बघितलं.

मग जी सुरू झाली ती अर्धा तास. अक्कल कुठे गहाण टाकलीत, मला काय दगड समजता का, जायचंच होतं तर लग्न कशाला केलंत, वयाची लाज, मनाची लाज, सगळं निघालं. दादा स्टुलावरून उतरून मान खाली घालून उभा. समोरच्या शेजारीणबाई दारात डोकावल्या आणि विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही, वहिनी बोलतेय," मी म्हटलं, "बसा ना. चहा टाकते."