शेजारी शेजारी दोन नळ्या

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. मित्रांनो, जिभल्या चाटू नका, माझ्या पोटात आइस्क्रीम नाही. माझ्या पोटात आजारी माणसांचं रक्त आहे, छोट्या नळ्यांत गोठवलेलं. त्यातली काही माणसं बरी होऊन घरी गेली. काही गेली नाहीत. त्यांचं आता एवढंच उरलं आहे आणि ते माझ्याकडे आहे.

रुग्णालयाच्या या प्रयोगशाळेत मी नवा आलो, तेव्हा काय माझा थाट होता! इथल्या मोठ्या डॉक्टर, म्हणजे मॅडम, मला स्वतः पुसायच्या. "याला जावयासारखं सांभाळा," असं सगळ्यांना बजावायच्या. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. दाराचं रबर फाटलंय, म्हणून दार लाथ घालून लावतात. मी कुरकुरतो, पण ऐकतंय कोण!

ते जाऊ दे. मला सांगायचंय ते दोन बहिणींबद्दल.

शिवणाचा क्लास काढायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं बंद असलेलं एक दुकान घेतलं. आत जुन्या कापडाची गाठोडी होती आणि गाठोड्यांत उंदरांनी संसार थाटला होता. शिवणाऱ्या बायकांचा हात कसा असतो, ठाऊक आहे ना? कापड दिसलं की आधी झटकायचं. थोरली म्हणाली, "झटक गं ते, चांगलं कापड आहे, वाया कशाला घालवायचं?" धाकटीनं झटकलं आणि थोरलीनं केर काढला. उंदरांच्या वाळलेल्या घाणीतला हंताविषाणू त्या धुळीतून दोघींच्या छातीत गेला.

पुढे दोघींना तापानं फणफणत इथे आणलं. त्यांच्या रक्ताच्या नळ्या माझ्यात शेजारी शेजारी ठेवल्या. थोरली बरी झाली. धाकटीला मात्र श्वास पुरेनासा झाला आणि ती गेली, बिचारी.

बऱ्याच वर्षांनी मॅडमनी त्या नळ्या पुन्हा तपासल्या आणि थोरलीला बोलावून घेतलं. ती आली ती रडतच.

"मीच तिला झटकायला लावलं हो! याच तोंडानं सांगितलं."

"धूळ दोघींच्याही छातीत गेली होती," मॅडम म्हणाल्या. "विषाणूशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. दवाखान्यात आलात तेव्हा तुमच्या रक्तात ती भरपूर होती. तिच्या रक्तात नावालाच. ज्यांच्यात ती कमी, त्यांचा आजार बळावतो, असं इतरांतही दिसतंय. पण तेवढंच कारण होतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"मग माझ्यातली थोडी तिला दिली असती तर?"

मॅडम म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला सुचलं नाही. दिली असती तरी ती वाचली असती, असं सांगता येत नाही."

थोरली माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या दारावर हात टेकला. "ताई आलीय गं," ती हळूच म्हणाली.

नेमकी तेव्हाच माझी मोटर थांबली. खोली चिडीचूप झाली. आणि मित्रांनो, ती बाई कान देऊन उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी आयुष्यभर गारठ्यात काढलंय, पण काटा तेव्हा आला.

मग तिनं बाही वर सारली. "माझ्यात अजून असतील ती, तर घ्या. तिला नाही देता आली. दुसऱ्या कुणाच्या बहिणीला द्या."

तिच्या रक्तात प्रतिपिंडं अजून होती. आज तिच्या रक्तातल्या द्रवाची गोठवलेली पिशवी माझ्या पोटात धाकटीच्या नळीला लागून आहे.

मित्रांनो, बंद खोली उघडलीत तर लगेच झाडू नका, काही झटकू नका. आधी दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. मग सगळं जंतुनाशकानं भिजवा आणि पुसून घ्या. आणि कधी माझ्याकडे आलात, तर दार हातानं लावा. ते उघडं राहिलं, तर आतलं सगळं वितळून नासेल, धाकटी दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळीही तिची ताई तिच्या शेजारीच असेल.