बाबांच्या पेल्याचा सूर

दोनदा वर्गात फजिती झाल्यावर विज्ञानाच्या सरांनी आईच्या कपाटाला हात घातला. आवाजानं काच फोडून दाखवतो, असं ते पोरांना तोऱ्यात सांगून बसले होते. पण बाजारातले जाडजूड पेले ढिम्म हलेनात आणि पोरं फिदीफिदी हसत होती. कपाटात बाबांचा पातळ काचेचा पेला होता. बाबा गेल्यापासून त्यातून कोणी पीत नव्हतं.

सरांनी पेल्याला टिचकी मारली, तोच सूर फोनमध्ये सलग वाजेल असा करून घेतला आणि वर्गात मोठ्या स्पीकरमधून पेल्यावर सोडला. पेला थरथरला आणि खळ्ळकन फुटला. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

"प्रत्येक पेल्याचा सूर वेगळा. त्याचा त्याला ऐकवला तरच तो फुटतो," सरांनी छाती फुगवून सांगितलं.

घरी येताना त्यांनी तसाच दिसणारा पेला आणून जागेवर ठेवला. आईला अंधुक दिसायचं, तिला काय कळणार! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आई रोज सकाळी घरी मुलींना गाणं शिकवायची. एरवी सकाळी सर शाळेत असत आणि सुट्टीला लोळत पडत. पण दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती आणि मन खात होतं, म्हणून लवकर उठले. तेव्हा दिसलं, आईनं पेल्यावर चमचा वाजवला आणि त्या नादातून आपला सूर घ्यायला गेली. थांबली. पुन्हा वाजवला, पुन्हा थांबली.

"कान गेला रे माझा," ती म्हणाली. "रोजचा हा सूर, आज परका वाटतोय. मुलींना सांग, उद्यापासून येऊ नका. चुकीचं शिकवण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

गप्प बसलं तर पाप झाकलं जाणार होतं, पण आईचं गाणं सुटणार होतं. सरांनी फोन काढला आणि तो सूर लावला.

आईनं त्यात सूर मिसळला, अगदी तंतोतंत.

"हाच! म्हणजे कान शाबूत आहे की." ती हसली. मग पेल्याची कड बोटांनी चाचपली. "मग बाबांचा पेला कुठंय?"

"फोडला मी, आई. वर्गात दाखवायला."

तिनं तो पेला बाजूला सारला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

सरांनी लावला. याच सुरानं तो फोडला, हे मात्र त्यांच्यानं सांगवलं नाही.