खळीखालच्या तारखा

खळकाकांना बोलायला फार माणसं लागत नसत. घरी बायको होती, ती दोघांच्या वाटचं बोलून घ्यायची. बाहेर कुणी भेटलंच, तर "बरं आहे" आणि "किती दिवसांत हवंय?" एवढ्या दोन वाक्यांवर त्यांचं भागत असे. पुस्तकं बांधण्याचा त्यांचा धंदा. बोटांना कायम शिजवलेल्या खळीचा वास, म्हणून वाचनालयातल्या शिपायानं कधीतरी खळकाका म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. ते सोडवायच्या भानगडीत काका पडले नाहीत.

दर मंगळवारी सकाळी ते वाचनालयाच्या मागच्या दारानं आत जायचे, फाटकी पुस्तकं पिशवीत भरायचे आणि मागच्या खेपेची बांधून आणलेली ठेवायचे. तीस वर्षं हेच. वाचकांपैकी एकाचाही चेहरा त्यांना नीट ठाऊक नव्हता, पण वाचक मात्र ठाऊक होते. कुणाचा अंगठा तेलकट आहे, कोण पान उलटताना थुंकी लावतं, कोण रडकं पान आलं की पुस्तक उलटं घालून उठून जातं आणि कणा मोडतं, हे त्यांना पुस्तकंच सांगायची.

नव्या ग्रंथपालबाई आल्या त्याला आठ महिने झाले होते. बाई हुशार, हसऱ्या, कामाला वाघ. त्यांनी दारातच एक फळा लावला होता, 'सध्या वाचकांच्या हाती'. घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद संगणकावर होत असे, तिच्यावरून दर महिन्याला पहिली दहा नावं खडूनं त्यावर यायची. लोक दारात थांबून वाचायचे, चर्चा करायचे. काकाही आतूनच मान वाकडी करून तो फळा वाचायचे, त्यांनाही तो आवडायचा. फक्त पहिल्या नंबरावर गेले चार महिने ठाण मांडून बसलेल्या जाड कादंबरीचं नाव वाचताना ते जरासे अडखळायचे. ती त्यांनी दोनदा बांधली होती. पहिली चाळीस पानं मळलेली, त्यापुढे पुस्तक दुकानातून आल्यासारखं. पण आपण कोण बोलणार? आपण पुठ्ठे चिकटवणारे.

त्या मंगळवारी मागच्या खोलीत एक मोठं खोकं होतं. काकांनी सवयीनं आत हात घातला.

"काका, ते नाही हं," बाई दारातून म्हणाल्या. "ते बाद झालेलं. नवी पुस्तकं आलीत, जागा नको का करायला? शनिवारी खोकं रद्दीत जाणार."

सगळ्यात वर 'पोस्टातला पाणघोडा' होता. चित्रकथेचे सहाच्या सहा भाग. एक पाणघोडा पोस्टात कामाला लागतो आणि इमानेइतबारे पत्रं वाटतो, एवढीच गोष्ट. तिसऱ्या भागात एका पत्रावरचा पत्ता पावसानं पुसून जातो आणि पाणघोडा ते पत्र मांडीवर घेऊन दिवसभर बाकावर बसून राहतो. पान एकोणीस. त्या पानावर एक अक्षर नाही, नुसतं चित्र. दुरुस्तीला आलेल्या त्या भागाचं हे पान दर वेळी निसटलेलं असायचं, आणि दर वेळी शिवण्याआधी काकाही तिथे थांबायचे. एकदा तर वाटीतली खळ वाळून गेली होती.

"हे... हे पण?"

"हो ना. तीन वर्षांत एकानंही घरी नेलेलं नाही. आणि बघा तरी, किती कोरं करकरीत आहे. कुणी उघडलंसुद्धा नसेल बिचाऱ्याला."

काकांनी तिसरा भाग हातात धरला. कणा ताठ, कोपरे चौकोनी, पान एकोणीस जागच्या जागी. आपलंच काम. त्यांनी तोंड उघडलं, "हं" म्हणाले आणि पिशवी उचलून घरी आले.

"काय झालं? तोंड का पाडलंय?" बायकोनं विचारलं. दोन दिवस तिनं वाट पाहिली होती. गुरुवारी दुपारी त्यांनी एकदाचं सांगितलं.

"मग तिथेच सांगायचं नाही का तिला?"

"काय सांगू? मी काम इतकं छान केलं की तुम्हाला ते दिसलंच नाही, असं? आपल्याच तोंडानं?"

"मग कुणाच्या तोंडानं सांगणार? माझं देऊ का तात्पुरतं?"

"पुरावा काय पण? चुकून माझाच समज असला तर? नसेल वाचत कुणी."

"अहो, न वाचता पुस्तकं फाटायला लागली, तर तुमच्यासारखा सुखी माणूस नाही. उद्या जाऊन या."

शुक्रवारी दुपारी काका पुढच्या दारानं आत शिरले. मंगळवार नसताना, आणि तेही पुढून, त्यामुळे शिपाई उठून उभाच राहिला. काका सरळ मागच्या खोलीत गेले, तिसरा भाग घेऊन ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, हे पुस्तक, म्हणजे... तुम्ही त्या दिवशी..."

वाक्य तिथेच बसलं. वाचायला बसलेल्या दोघातिघांनी माना वर केल्या. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलणं काही जमणार नाही हे त्यांना कळलं. त्यांनी खिशातून कामाची सुरी काढली, पुठ्ठा उघडला आणि आतल्या बाजूनं चिकटवलेला कोरा कागद, ज्याला ते पुस्तानी म्हणायचे, तो कडेनं सर्रकन कापला.

"अहो काका, हे काय करताय!"

काकांनी कागद हलकेच सोलून मागे घेतला. खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारखा होत्या, एकीखाली एक. प्रत्येक तारखेपुढे 'पान १९ निसटलं' असं लिहिलेलं. दुरुस्त केलेल्या पुस्तकाची तारीख पुस्तानीखाली टिपून ठेवायची, ही त्यांची सवय होती. ती कुणी वाचावी म्हणून नव्हती. बाईंनी बोट ठेवत मोजल्या. सात. शेवटच्या तीन तर याच दोन वर्षांतल्या.

"सात वेळा?" बाई हळूच म्हणाल्या. "पण काका, घरी तर कुणी नेत नाही. मग वाचतं कोण?"

ते काकांना माहीत नव्हतं.

"सापडला का?" मागून आवाज आला. खिडकीजवळ रोज दुपारच्या सुट्टीत येऊन बसणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. हातात ती पहिल्या नंबरची जाड कादंबरी. "म्हणजे, पाणघोडा. मंगळवारपासून कपाटात दिसत नाही. मला वाटलं, कुणी पळवला."

"तुम्ही वाचता?" ग्रंथपालबाई उडाल्याच. "मग कार्डावर का नेत नाही?"

"माझ्या कार्डावर पाणघोडा? मी पेशंटना ओरडते हो, गोड खाऊ नका म्हणून. कुणी ऐकेल का मग?" त्यांनी कादंबरी टेबलावर ठेवली. "ही बरी पडते. हिच्या आत तो अगदी बरोबर मावतो."

"पण ही तर तुम्ही दर महिन्याला घरी नेता!"

"दवाखान्यात टेबलावर ठेवायला. शोभते. पहिल्या खेपेला चाळीस पानं वाचली होती, खोटं कशाला बोलू?"

काकांच्या तोंडून एकदम हसू फुटलं. इतकं मोठं, की शिपाई पुन्हा उठला. वर्तमानपत्रामागे बसलेले एक टकलू गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "पाचवा भाग पण जरा जागेवर ठेवा. माझा अर्धा राहिलाय."

ग्रंथपालबाई उठल्या. त्यांनी बाकीचे पाचही भाग खोक्यातून काढून कपाटात परत लावले, तिसरा तेवढा काकांकडे राहिला. मग ओला फडका घेऊन फळ्यापाशी गेल्या आणि पहिलं नाव पुसलं. तिथे लिहिलं, 'पोस्टातला पाणघोडा, इथेच बसून'.

"काका," त्या परत येऊन म्हणाल्या, "पुस्तानी पुन्हा चिकटवू नका. तारखा दिसू देत."

काका "बरं" म्हणाले खरे, पण चार दिवस त्यांना ते टोचत राहिलं. उघडा पुठ्ठा म्हणजे शर्टाची उसवलेली शिवण. असं काम हातातून जाऊ द्यायचं कसं? आणि शब्दही दिलेला. मंगळवारी त्यांनी पुस्तक आणून ठेवलं तेव्हा नवी पुस्तानी होती, पण एकाच कडेला खळ लावलेली. बोटानं उचलली की दारासारखी उघडायची.

बाईंनी ती उचलली. सात तारखांखाली आठवी होती. पुढे लिहिलं होतं, 'पान १९ जागेवर. पुस्तानी मीच फाडली.'