दोन हातांची ओंजळ

मित्रांनो, वडनेर भोलजीच्या एका गोठ्यात सरकीच्या पोत्यावर जो जुना पितळी तांब्या उपडा पडला आहे, तो मी. माझ्या पोटावर तळहाताएवढा पोचा आहे. ही गोष्ट त्या पोच्याची.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळी मलकापूरच्या तांबटानं मला घडवलं. उत्तमरावांनी मला घरी आणलं आणि मी त्यांच्या बायकोच्या, रुखमाबाईंच्या हाती कामाला लागलो. घर रस्त्यालगत, वाटसरू रोजचेच. अनोळख्याच्या हाती भांडं द्यायचं नाही, वरून ओंजळीत पाणी ओतायचं, अशी तेव्हा रीत होती. तिच्यात शिवाशिवीचा खोटा मोठेपणा होता, तो मी झाकत नाही. पण तिच्यामुळे मी हात फार पाहिले. अडत्याकडचा गुमास्ता अंगठी दिसेल अशी ओंजळ धरी. बैराग्याचं निम्मं पाणी दाढीच पिऊन टाकी. पण खरी तहान असली की दोन्ही हात आपोआप जुळत.

रुखमाबाई ओतण्याआधी हातांकडे बघत. उत्तमराव चिडवत, "तुले तं देवळातला पुजारीबी चोर दिसते." त्या हसत, पण बघणं सोडत नसत. शेजारच्या गावची गीताबाई अशीच एकाला पाणी द्यायला उंबऱ्याबाहेर गेली होती. त्यानं तिच्या डोक्यात घातलेला घाव रुखमाबाईंनी स्वतः धुतला होता.

फाल्गुनातली दुपार होती. उत्तमराव कापसाची शेवटची गाडी घेऊन मलकापूरला गेले होते. आतल्या खोलीत त्यांची लेक पुष्पा, बारा दिवसांची बाळंतीण, बाळाला घेऊन निजली होती. एक माणूस दारात आला. एवढ्या उन्हात अंगावर घोंगडी. पाणी मागितलं, पण नजर माझ्यावर नव्हती, दाराच्या कडीवर होती. मालक कुठी, असंही त्यानं विचारलं. मागं गोठ्यात आहेत, असं रुखमाबाईंनी खोटंच सांगितलं आणि त्या उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

त्यानं एकच हात पुढं केला.

"दोन्ही हात कर नं भाऊ. पाणी सांडते."

"एकाच हातानं पितो मी, बाई."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकलं. घोंगडी हलली आणि कुऱ्हाडीचं पातं दिसलं. रुखमाबाईंनी मला पाण्यासकट त्याच्या तोंडावर फेकलं, दार लोटलं, अडसर घातला. त्याच्या डोळ्यांत पाणी गेलेलं. आंधळेपणानं घातलेला घाव उंबऱ्यावर पडलेल्या माझ्या पोटात बसला.

आतून त्या नुसत्या किंचाळल्या नाहीत. शेजाऱ्याचं नाव घेऊन त्यांनी हाक मारली, "हिंमतराव, कुऱ्हाड घेऊन माणूस आला हो!" आपलं नाव कानी पडल्यावर कोण घरात बसून राहील? हिंमतराव चौघांना घेऊन धावले, तोवर तो ओढ्याकडे पळाला होता. हिंमतरावांचा आवाज ओळखीचा वाटला, तेव्हाच अडसर निघाला. पंचनाम्यात माझीही नोंद झाली: पितळी तांब्या एक, पोचा पडलेला.

मग कौतुक झालं, आणि शहाणपणाचे सल्लेही आले. मुसळ घेऊन त्याचं डोकंच फोडायला हवं होतं, असं काही जणी सांगू लागल्या. रुखमाबाई एवढंच म्हणाल्या, "डोकं फोडाले थांबली असती, तं दार उघडं राह्यलं असतं. आत लेकरू होतं."

उत्तमराव संध्याकाळी परतले. माझा पोचा त्यांनी बराच वेळ चाचपला. एरवी मला उचलून घटाघट पिणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच्याच दारात बायकोपुढे वाकला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ धरली. रुखमाबाईंनी पाणी ओतलं.

पुढं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आली. तांबट माझा पोचा काढतो म्हणाला, रुखमाबाईंनी काढू दिला नाही. त्या गेल्या, आणि मी गोठ्यात सरकी मोजू लागलो.

मित्रांनो, मला चिंचेनं घासलं नाही तरी माझी तक्रार नाही. तहानलेल्याला पाणी द्या, पण त्याचे हात दिसेपर्यंत उंबऱ्याच्या आत राहा. मन कचरलं तर भिडेपोटी पुढं होऊ नका. मागं सरण्यात लाज नाही. आणि वेळ आलीच तर हातातलं भांडं खुशाल फेका. भांड्याला पोचा पडला तरी त्यात पाणी राहतं. माणसाचं तसं नसतं.