वरून तिसरा कागद

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे, आणि माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

विद्यापीठातल्या एका छोट्या खोलीत मी आलो, तेव्हा नवाकोरा होतो. पेन्सिलीने काळे केलेले गोळे वाचायचे, एवढंच माझं काम. शिपाईकाका रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायचे आणि म्हणायचे, "चला राजे, लागा कामाला." मी फुशारून जायचो.

एका वर्षी संशोधन करणाऱ्या बाईंनी प्रश्नावली काढली. कोणत्या शाखेची मुलं कशी शिकतात, हे त्यांना शोधायचं होतं. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोळे: पाहून, ऐकून, वाचून, करून. इंजिनिअरिंगवाल्यांनी 'करून'चे गोळे रंगवले, वास्तुकलेच्या मुलांनी 'पाहून'चे. शेवटी कायद्याचे कागद आले. त्याच सुमारास काका आजारी पडून दीर्घ रजेवर गेले होते. माझ्या काचेवर खोडरबराचा चुरा साचला होता, नेमका 'ऐकून'च्या रकान्यावर. तिथलं मला काही दिसत नव्हतं. अशा वेळी लावायला माझ्याकडे लाल दिवा होता. मी तो लावला नाही. बाई नुकत्याच पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "आमचा हा कधी चुकत नाही." त्या कौतुकाने मी हुरळून गेलो होतो.

कोरी दिसलेली उत्तरं नियमाप्रमाणे वगळली गेली. कायद्याच्या मुलांना ऐकून शिकायला आवडत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यांना एक निवृत्त वकील जुने खटले मोठ्याने वाचून दाखवायचे, तो तास महिन्याभरात बंद झाला.

मग एक मुलगी आली. कपड्यांच्या दुकानात काम करून कायदा शिकणारी.

"बाई, माझी सगळी भिस्त त्या तासावर होती. पुस्तक घेऊन बसले की डोक्यात काही शिरत नाही. मी तर वीसच्या वीस ठिकाणी 'ऐकून'च भरलं होतं."

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, इथे तसं काही दिसत नाही. घाईत चुकलं असेल तुझं."

"असेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिचा कागद तेव्हा माझ्याच ट्रेमध्ये होता, वरून तिसरा. बाईंच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

परीक्षा झाल्यावर काका कामावर परतले. त्यांनी काच पुसली, फडक्यावरचा चुरा बघितला आणि बाईंना हाक मारली. सगळे कागद पुन्हा माझ्यातून गेले. तिचे वीसच्या वीस निघाले.

"काका, मी तिला खोटं पाडलं हो," बाई म्हणाल्या.

तास पुन्हा सुरू झाला. पण ती नापास झाली होती आणि तिने नाव काढून घेतलं होतं. बाई तिला शोधत दुकानात गेल्या. परत आल्यावर त्यांनी काकांना तिचं बोलणं सांगितलं. कापडाची घडी घालता घालता ती म्हणाली होती, "जाऊ द्या हो बाई. मलाही वाटायला लागलं होतं, आपणच चुकीचं भरलं असेल."

मित्रांनो, आमच्या काचा पुसत जा, एवढं तर मी मागेनच. पण कुणी म्हणालं, "मी हे लिहिलं होतं," तर माझ्याकडे बघू नका. हात लांब करा आणि त्याचा कागद उचलून बघा.