हिंदुरावांची दुसरी स्लिप

माझ्या चंदरला लाज नाही. पोटचा असला म्हणून काय झाकून ठेवू? मेलेल्या माणसाची सही गिरवत बसला होता, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पानभर.

कॅम्प चारच्या बाजारात आमचं मिक्सर-कुकरचं दुकान. शहाण्णव साली बँकेने कार्डाचं मशीन दिलं. कार्ड ठेवायचं, वर कार्बनची स्लिप, दांडा सरकवायचा. खर्र, खट्. नाव उठतं. शंभरामागे अडीच रुपये बँक कापते. ते चंदर गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचा. डब्यावर छापलेल्या किमतीवर एक पैसा जादा घ्यायचा नाही, असा सरकारी कायदा. म्हणून बिल छापील किमतीचं, वरच्या पैशांची स्लिप वेगळी. वजनमापवाला साहेब आला तरी बिल स्वच्छ!

शिरगावचे हिंदुराव, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, कुकर घ्यायला आले. पहिल्या स्लिपवर सही केली. दुसरी पुढे सरकली.

"ही कशाची?"

"मशीनचा खर्च, काका."

"मशीन तुझं का माझं? छापील दिलं, संपलं. तक्रार करीन हां!"

"करा ना. म्हातारे कायदा खिशात घालून फिरतात!"

अख्ख्या बाजारासमोर बोलला. हिंदुराव कुकर उचलून गेले. स्लिप बिनसहीची राहिली. आठवड्याने त्यांची बायको रखमा गॅरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायला आली, कपाळ मोकळं.

तेव्हापासून दुपारी शटर अर्धं ओढून मी आडवी झाले की मशीन आपोआप वाजतं. खर्र... पुढचं खट् येतच नाही. कान तिथेच अडकून राहतो. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण त्या स्लिपवर बोट फिरवलं की नाव बोटाला लागतं आणि बोट गार पडतं. चंदरलाही ऐकू येतं. रेडिओ मोठा करतो.

आज स्लिपा बँकेत भरायचा शेवटचा दिवस, आणि बिनसहीची स्लिप बँक घेत नाही.

"पंधरा रुपयांसाठी?" मी विचारलं.

"पंधराचं नाही गं आई. एकाला सोडलं तर सगळे मागतील."

"आणि दुपारी दांडा कोण ओढतं?"

त्याने पेन खाली ठेवलं. हात पँटला पुसला. पुन्हा उचललं.

तेव्हा मी उभी राहिले.

"ऊठ गल्ल्यावरून. जित्या माणसाला लुबाडलंस तेव्हा मी गप्प बसले, तो माझा गुन्हा. मेलेल्याच्या हातात पेन देतोस, हा तुझा. उद्या कचेरीत जाऊन वजनमापवाल्या साहेबाला सगळं लिहून दे, स्वतःच्या नावाने. नाही गेलास तर मी जाईन चंदर, आणि तुझी आई म्हणून नाही, साक्षीदार म्हणून."